धर्माबुवांचा उजवा कान

धर्माबुवा मढवी खोलीत आले की आधी पंखा बंद व्हायचा. मग वैशाखाचं ऊन असो, खोली माणसांनी भरलेली असो. ते कुणाला काही सांगायचे नाहीत. दारात उभे राहून नुसते छताकडे बघायचे, आणि बटणाजवळ जो बसला असेल तो मुकाट्यानं उठायचा.

"पंख्याचा सूर वेगला, पेटीचा वेगला," ते म्हणायचे. "दोगांच्या मदी गानाऱ्यानं काय करायचा?"

मी तेव्हा पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी मेंडोलिन वाजवत होतो. बुवांच्या वाद्यवृंदात मी कसा शिरलो ते सांगण्यासारखं नाही. त्यांचा जुना मेंडोलिनवाला दुबईला गेला आणि त्यांना कुणीतरी हवा होता, इतकंच. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातलं वाद्य घेतलं, एकेक तार टिचकीनं वाजवली, आणि परत देत म्हणाले, "मास्तर, वाद्य चांगला हाय. पन तुमी याला लाडात वाडवलाय." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा 'मास्तर' झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

बुवा उलव्याच्या बाजूच्या एका आगरी गावातले. घरचं मिठागर, थोडी भातशेती. हाफ शर्ट, पांढरा लेंगा, गालात लवंग. बोलताना कधी हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. पण कॅसेटच्या काळात उरणपासून भिवंडीपर्यंत एकही हळद त्यांच्या गाण्याशिवाय लागत नव्हती. नवरीच्या आईपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांची गाणी पाठ असायची आणि चाल कुणाची ते फार थोड्यांना माहीत असायचं. कॅसेटच्या वेष्टनावर गायिकेचा फोटो मोठा, बुवांचं नाव खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

"चाली माज्या कुठं हायत? आयच्या हायत," असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी नसायचे. धवलारीण धवले गायची आणि त्या गाण्यांवरच लग्न लागायचं. तिच्या मागे मागे हा मुलगा मांडवामांडवांतून हिंडला. हळद दळताना एक चाल, तेल चढवताना दुसरी, पाठवणीची तिसरी. त्या चाली त्याच्या हाडात गेल्या. पुढे त्यानं त्यांना ढोलकी दिली, सनई दिली, माझं मेंडोलिन दिलं. पण आत आईच होती. बुवांना नोटेशन लिहिता येत नसे. कॅसेटच्या कॅसेट त्यांच्या डोक्यात असायच्या. कुठल्या ओळीनंतर सनई किती वाजेल, कुठे ढोलकी गप्प बसेल, सगळं तोंडी.

रेकॉर्डिंग संपलं की ते प्रत्येकाच्या हातात कागदाची एक पुडी ठेवायचे. आत त्यांच्या मिठागराचं खडेमीठ. "माजा मीठ खाताव, आता फुडल्या टायमाला बेसूर वाजवू नका." हा त्यांचा एकमेव विनोद. आम्ही दर वेळी हसायचो आणि तेही दर वेळी नव्यानं हसायचे.

त्यांचा कान किती तिखट होता याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण तो कान ते कसा वापरायचे त्याची एकच सांगतो.

मुंबईच्या एका नावाजलेल्या बाई त्यांच्याकडे गायला आल्या होत्या. वय झालं होतं, नाव मोठं होतं. वरच्या सुरावर गेल्या की आवाज किंचित खाली राहायचा. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, बाईंनाही कळत असावं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट आमच्याकडे बघून डोळे मिचकावत होता. बुवांनी चहा मागवला. चहा पिता पिता बाईंना म्हणाले, "ताय, माजीच चूक झाली. गाना मी जरा वर बांधला. तो तिथं बसत नाय. आपन खाली आनू." आणि आम्हाला सांगितलं, काळी चार सोडा, पांढरी पाच लावा. आमच्या तारा उतरल्या, ढोलकी उतरली, सनईवाल्यानं बोटांचा नवा हिशेब मांडला. सगळा सरंजाम अर्धा सूर खाली आला आणि बाई सहज गाऊन गेल्या. जाताना त्या बुवांना वाकून नमस्कार करायला लागल्या तर हे चार पावलं मागे सरकले.

मी नंतर म्हटलं, "बुवा, गाणं वरच चांगलं होतं."

"व्हता," ते म्हणाले. "पन सूर म्हंजे तान्हा पोर, मास्तर. जो घेईल त्याच्या कडेवर बसला पायजे."

या कानाला जे झालं ते भातकापणीच्या दिवसांत झालं. बुवांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. उजव्या कानामागे आग व्हायला लागली, मग कानाच्या पाळीवर आणि आत बारीक फोड आले. गावात सगळ्यांनी एका शब्दात निदान केलं: नागीण. आईचा आग्रह पडला की डॉक्टरकडे न्यायचं नाही, नागीण औषधानं चिडते. शेजारच्या गावात एक म्हातारा गेरू लावून, मंत्र घालून नागीण उतरवायचा. त्याला बोलावलं. कानाभोवती गेरूचा जाड लेप बसला. मी भेटायला गेलो तेव्हा बुवा ओट्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, आणि आई, केव्हाच ऐंशी ओलांडलेली, त्यांच्या डोक्यावरून कडुनिंबाचा टाळा फिरवत होती.

एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. डोळा मिटेना. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. मग मात्र यमुनावहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, कुणाचंही न ऐकता रिक्षा बोलावली आणि त्यांना पनवेलला आणलं. डॉक्टर म्हणाले, हे कानाच्या नसेवर उठलं आहे, थोडं लवकर आणायला हवं होतं. एवढंच म्हणाले. वहिनींनी ते वाक्य घरी सांगितलं नाही.

चेहरा हळूहळू सावरला. ओठाचा कोपरा तेवढा थोडा वाकडा राहिला, त्यामुळे ते नेहमी अर्धवट हसतायत असं वाटायचं. या दुखण्यासोबत आलेली चक्करही कमी झाली. मिठागराच्या बांधावरून ते पुन्हा चालू लागले. उजव्या कानानं मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. आणि एक दिवस यमुनावहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या. "मास्तर, त्यांना ऐकू यायला लागला! कोंबरा आरवला तो या कानानं आयकला!" घरात पेढे वाटले. आईनं गावदेवीला नारळ फोडला. तिच्या मते गेरूनंच काम केलं होतं.

त्यानंतरचं पहिलं रेकॉर्डिंग मी विसरणार नाही.

बुवा आले, पंखा बंद झाला. पेटीवाल्यानं सूर दिला. बुवा म्हणाले, "पेटी उतरलेय." पेटीवाल्यानं दुसरी पेटी आणली. तीही उतरलेली. मग माझं मेंडोलिन बेसूर. मग सनई. मग किसन भोईरची ढोलकी.

हा किसन उरणचा. बुवांच्या पहिल्या कॅसेटपासून त्यांच्या उजव्या हाताला बसलेला. फार कमी बोलणारा, काळा, दणकट माणूस. त्यानं ढोलकी चढवली. बुवा म्हणाले, नाय. त्यानं उतरवली. नाय. त्यानं पुन्हा चढवली. बुवांचा आवाज, जो मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो चढला. "किसन, कान फुटले का तुजे? इतकी वरसा माज्या बाजूला बसून हा शिकलास? जा, घरी जा तू."

किसननं ढोलकी गवसणीत घातली, बुवांच्या पाया पडला आणि निघून गेला. गायिका एका कोपऱ्यात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. रेकॉर्डिस्टनं जेवणाची सुट्टी जाहीर केली, तेव्हा अजून जेवायची वेळही झाली नव्हती.

सगळे बाहेर गेले. बुवा एकटेच पेटीपाशी बसून राहिले. मी दाराशी होतो. त्यांनी एक पट्टी दाबून धरली आणि डाव्या कानात बोट घातलं. ऐकलं. मग ते बोट काढून उजव्या कानात घातलं. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. भाता संपत आला की सूर क्षीण व्हायचा, ते पुन्हा भाता मारायचे. किती वेळ हे चाललं मला सांगता येणार नाही. मग पेटी बंद केली आणि मान वर न करता म्हणाले,

"मास्तर, सगली वाद्या बरोबर हायत."

मी जवळ जाऊन बसलो.

"माज्या डोक्यात दोन पेट्या वाजतान. डावीकरची खरी. उजवीकरची जरा वर. एकच पट्टी दाबली तरी दोन वाजतान."

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग रद्द झालं.

पनवेलला कानाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तपासण्या केल्या, आलेख काढले आणि फार समजूतदारपणे बोलले. "ऐकू येतंय, पण चुकीच्या सुरात येतंय, असं समजा. नस डॅमेज झालीय. मेंदू कधीकधी ॲडजस्ट करून घेतो. नेहमीच्या माणसाला तर कळतही नाही."

"मी नेहमीचा मानूस नाय ना, डॉक्टर," बुवा म्हणाले. त्यात अभिमान नव्हता, नुसती माहिती होती. मग विचारलं, "हा कान मारून टाकता येईल का? इंजेक्शन देऊन? पूर्ण बहिरा करा. एका कानावर मी चालवीन."

डॉक्टर गडबडले. असं करत नाहीत, म्हणाले. मग काहीतरी दिलासा द्यायचा म्हणून त्यांनी सांगितलं की परदेशातल्या एका मोठ्या संगीतकारालाही म्हातारपणी असाच त्रास झाला होता. खालचे सूर एकीकडे सरकलेले, वरचे दुसरीकडे. त्याला स्वतःचं संगीतही नीट ऐकता येत नसे, तरी तो शेवटपर्यंत लिहीत राहिला.

बुवांनी नीट ऐकून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाले, "त्याचा बरा. त्याला लिवता येत व्हता."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन उरणला गेले. किसन बंदरावर जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. बुवांना बघून उठला. बुवा म्हणाले, "किसन, तुजी ढोलकी बरोबर व्हती."

"मना म्हायीत हाय, बुवा."

"मंग बोलला का नायस?"

किसननं खाली बघितलं. "तुमच्या कानाला कोन बोलनार?"

दोघं तिथेच पालथ्या होडीला टेकून बसले. वाऱ्यानं सुक्या मासळीचा वास येत होता. निघताना किसननं बोंबलांची एक जुडी बुवांच्या पिशवीत घातली. तो पुन्हा बोलवायची वाट बघत राहिला असणार. पण बोलवायला रेकॉर्डिंगच उरली नाहीत.

बुवांनी प्रयत्न केले. उजव्या कानात तेलाचा बोळा घातला, वर मेण लावलं. बाहेरचा आवाज थोडा अडायचा. पण माणसाचा स्वतःचा आवाज बाहेरून येत नाही, आतून हाडांतून येतो, आणि तो दोन्हीकडे पोचतोच. स्वतः गुणगुणले की दोन बुवा गायचे, एक खरा, एक चढा. चाल सुचायची गुणगुणण्यातूनच, आणि तेच असह्य झालं. त्यांनी देवळातल्या भजनात जाणं सोडलं. गुरुवारी भजन सुरू झालं की ते उठून मिठागराकडे चालू लागायचे. यमुनावहिनी मला म्हणाल्या होत्या, "आंगोल करताना पन गुनगुनत नाय वो. बाथरूममदी नुसता पान्याचा आवाज येतो. मना भ्याव वाटतो."

एक गोष्ट त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवली होती. आईला यातलं काही कळता कामा नये. तिच्या लेखी गेरू लागला होता, देवीनं नारळ घेतला होता, कान बरा झाला होता. "तिनं डॉक्टरला नको बोलली व्हती," बुवा मला म्हणाले. "हा तिच्या कानावर गेला तर ती खायची नाय. म्हातारी मानूस, उगाच त्या ओझ्यानं मरंल." गाणं बंद का, असं आईनं विचारलं तर सांगायचं, कॅसेटचा धंदा बसला. ते खोटंही नव्हतं. धंदा तेव्हा बसतच होता.

मग गाव उठायची वेळ आली. विमानतळाची जागा आखली गेली, नवे प्लॉट मिळाले, लोक एकेक करून घरं पाडून दारं-खिडक्या टेम्पोत घालून न्यायला लागले. जुनी शाळा अर्धी पाडलेली होती. त्या दिवसांत आईनं एकदा बुवांना समोर बसवून सांगितलं, "गाव जातो तं जाऊ दे. पन मी मेल्यावर धवले कोन बोलंल? लग्नाला भट येतो, डीजे येतो. तू माज्याकरून सगले घे. आता घे."

बुवांनी मला फोन केला. "मास्तर, तुमची ती रेकॉर्डिंगची पेटी घेऊन या."

दुपारची वेळ होती. माजघरात सतरंजीवर म्हातारी उशीला टेकून बसली होती. घरातलं बरंचसं सामान बांधलेलं होतं, त्यामुळे आवाज भिंतींना लागून परत येत होता. मी माझा छोटा टेपरेकॉर्डर मांडून माइक लावला. बुवा आईच्या अगदी जवळ, तिच्या कुशीत शिरल्यासारखे आडवे झाले. डावा कान तिच्या तोंडाशी, आणि उजवा कान उशीत दाबलेला. मला वाटलं, एवढं केलं तर निभेल.

म्हातारी गायला लागली. दात नव्हते, दम नव्हता, पण सूर पहिल्या ओळीपासून सरळ लागला. एक धवला झाला, दुसरा झाला. मग ती थांबली.

"असा तोंड लपवून काय निजलास? बस सरल. माज्या मागून बोल. लहानपनी बोलायचास तसा."

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो? ते उठून बसले. आईनं ओळ गायली. बुवांनी तिच्या मागून गायली.

किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होतो. चांगलाच होता. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आईचे दोन आवाज आणि स्वतःचे दोन, असे चार सूर त्यांच्या डोक्यात एकमेकांना घासत असणार. कपाळावर घाम, मांडीवरची मूठ आवळलेली. खऱ्या सुराला धरून राहण्यासाठी ते आईच्या ओठांकडे टक लावून बघत होते, जणू सूर कानांनी नाही तर डोळ्यांनी घ्यायचा होता. एका ठिकाणी आवाज हलला.

आई थांबली. "सूर हलतो तुजा."

"घसा बसलाय, आय."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला, त्यांच्या उजव्या कानावर तळवा ठेवला आणि लहान पोराचा दुखरा कान चोळतात तसा हळूहळू चोळला. मी माइक बंद करायचा विसरलो होतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे बराच वेळ नुसता हात घासल्याचा आवाज आहे.

मग तिनं पुढचा धवला धरला. या वेळी त्यांना मागून म्हणायला सांगितलं नाही.

नव्या प्लॉटवरच्या घरात आई फार दिवस राहिली नाही. ती गेली तेव्हा बुवा रडले नाहीत. बायकांचा आक्रोश सुरू झाला तसे ते कान झाकून अंगणात गेले, आणि पाहुण्यांत कुजबूज झाली की कसला मुलगा हा. यमुनावहिनींनी ते ऐकलं. पण आता आई नव्हती तरी त्यांनी कुणाला खरं सांगितलं नाही. सवय झाली होती.

धवल्यांचं रेकॉर्डिंग घेऊन मी एका कॅसेट कंपनीच्या माणसाकडे गेलो. त्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मास्टरजी, इसमें म्युझिक किधर है? बुवांना सांगा, खाली बीट टाकून द्या, मग बघू." मी बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "आयच्या खाली बीट?" आणि विषय संपला. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडेच आहे. मी दोन-तीन जणांना दिलं. त्यांनी ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

पुढे बुवांच्या मुलानं करंजाड्याला फ्लॅट घेतला आणि बुवा-वहिनी त्याच्याकडे राहायला आले. माझ्या घरापासून रिक्षानं थोडंसं अंतर. मी जात असे. गप्पा फारशा होत नसत. ते गॅलरीत बसून खालचा रस्ता बघायचे. एकदा त्यांच्या पुतण्याच्या हळदीला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. भिंतीएवढे स्पीकर, आणि त्यावर त्यांचंच एक गाणं, कुणीतरी नव्यानं केलेलं, दुप्पट वेगात. पोरं बेभान नाचत होती. त्यातलं एक पोर येऊन म्हणालं, "आजोबा, तुमी पन या ना! जुना गाना हाय, तुमच्या टायमाचा!" बुवा उठले, दोन्ही हात वर करून चार पावलं नाचले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते मांडवामागे गेले. मी मागोमाग गेलो तेव्हा ते एका गाडीला धरून ओकत होते. "चक्कर आली," म्हणाले. "जेवलो नवतो." मी तोंड धुवायला पाणी दिलं. मांडवात गाणं संपलं होतं आणि लोक तेच पुन्हा लावायला सांगत होते.

वय वाढलं तसा डावा कानही जायला लागला. आधी दाराची घंटा ऐकू येईना, मग टीव्ही. मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी एक दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. मी गेलो की वहिनी पाटीवर खडूनं लिहून त्यांना दाखवायच्या: मास्तर आलेत. हळूहळू दोन्हीकडचं सगळंच गेलं.

गेल्या पावसाळ्यानंतर बरेच दिवस माझं जाणं झालं नव्हतं. माझे गुडघे दुखतात, आणि खरं सांगायचं तर त्या घरात गेल्यावर काय बोलावं तेच कळायचं नाही. एका संध्याकाळी गेलो. जिन्यात असतानाच वरून आवाज आला. कुणीतरी जोरजोरात ओरडत होतं. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं, एक बाई डोकावली, कपाळाला आठ्या घालून दार लावून घेतलं.

वहिनींनी दार उघडलं. माझा चेहरा बघून त्या आधी बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

"गातान," त्या म्हणाल्या. "महिना झाला. सकालपासून गातान."

मी ऐकत उभा राहिलो. बुवांची गाणी मी आयुष्यभर वाजवली आहेत. त्यांची एकही चाल मला नवी नाही. पण कुठलं गाणं चाललंय ते मला ओळखता येईना. सूर कुठून कुठेही जात होता. वर जायचं तिथे खाली, खाली यायचं तिथे फाटलेला. शेवटी शब्दांवरून कळलं, तेल चढवतानाचं होतं.

"मास्तर, त्यांना काय पन सांगू नका हां," वहिनी म्हणाल्या. "बोलतान, आता आतमदी एकच पेटी वाजते. उजवीकरची गेली. बोलतान, इतक्या वरसानी सूर लागला. आंगोल करताना पन गातान." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सोसायटीवाले बोलून गेले दोनदा. मी बोलली, म्हातारा हाय, करू दे."

आत गेलो. बुवा गॅलरीत खुर्चीवर ताठ बसले होते. मला बघून हात उंचावला, पण गाणं थांबवलं नाही. ओळ पूर्ण केली. वाकड्या ओठाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून, स्वतःलाच ऐकू न येणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मास्तर! लागला ना सूर?"

पाटी माझ्या शेजारीच होती. मी ती उचलली नाही. नुसती मान हलवली.

ते खूश झाले. मला खुर्ची दाखवली आणि दुसरं गाणं धरलं. मी ते संपेपर्यंत बसलो, मग आणखी एक. अंधारून आलं तेव्हा त्यांच्या पाया पडलो. त्यांनी गाता गाताच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत मान वर केली. गॅलरीत दिवा लागला होता. बुवा डोळे मिटून गात होते, आणि त्यांच्या पायाशी खाली बसून यमुनावहिनी सुपातले वाल सोलत मधूनमधून मान वर करून दाद देत होत्या. पुढे डिसेंबरात बुवा गेले. त्या संध्याकाळी मात्र रिक्षा आली, रिक्षावाल्यानं वर बघून विचारलं, "कोन बोंबलतो रं हा?" मी त्याला पत्ता सांगितला आणि बसलो.